जोसायसची आगटी

मला वास आला, आणि तो आलाच नाही असं मी ठरवून टाकलं. घाबरलेला माणूस पहिलं हेच करतो. सकाळची वेळ होती. मी मोठ्या खोलीत आगटीपुढे वाकून राख ओढत होते, तर नाकाला काहीतरी गोडसर, जळकट लागलं, कोणीतरी जुना पाइप ओढतंय असं. घरात पाइप ओढणारं कोणी नव्हतं. सेपनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तंबाखू केव्हाच सोडली होती. मी राखेची बादली उचलली, बाहेर बर्फात नेऊन ओतली, आणि आत आल्यावर तोंडानंच श्वास घेत राहिले. पण बाई तोंड उघडं टाकून किती वेळ फिरणार? त्यातून मला नाताळापासून खोकला, तो काही केल्या हटत नव्हता.

फॉसेटांच्या घरात तो वास कोणाचा असतो हे आमच्या दरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो जोसायस फॉसेटचा. हे घर त्यानंच बांधलं. दारावरच्या दगडात त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या नावांची पहिली अक्षरं आहेत, खाली १६७१ साल कोरलेलं आहे. मेल्यावरही म्हातारा अधूनमधून आपल्या आगटीपाशी येऊन बसतो म्हणायचे, आणि उठून जाताना घरातलं एक माणूस बरोबर नेतो. तो आलाय हे पाइपच्या वासावरून कळतं. यावर उपाय एकच: आगटी काठोकाठ भरून ठेवायची, क्षणभर विझू द्यायची नाही. म्हाताऱ्याला पोटभर ऊब मिळाली तर तो एकटा उठून जातो. कमी पडली तर सोबत शोधतो.

मी ब्रॅडफर्डची, गिरणीकामगारांच्या विटांच्या घरात वाढलेली. असल्या गोष्टींना मी हसायची. "विटांच्या घरात भूत कसं राहणार, त्याला टेकायला जाड भिंत नको का," असं सेप मला चिडवायचा. पण लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सासरे अंथरुणाला खिळले, आणि मी माझ्या या नाकानं तो वास घेतला. सासूबाईंनी काही न बोलता आगटीत लाकडं रचायला घेतली. आठवडाभरात सासरे गेले. तेव्हापासून मी हसणं बंद केलं.

आता सेप वरच्या खोलीत आडवा होता.

हा एकोणीसशे त्रेसष्टचा हिवाळा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी जो बर्फ पडायला लागला तो थांबेचना. वाटा बुजल्या, नळ गोठले, मेंढ्या उकरून काढाव्या लागल्या. एक मेंढी उकरतानाच सेपच्या पाठीतली चकती सरकली. तरी हा पठ्ठ्या दात खाऊन जिना चढला, पलंगावर पडला, आणि मग त्याला कूसही बदलता येईना. डॉक्टर शेवटची वाट बंद व्हायच्या आधी कसाबसा येऊन गेला. त्यानं सांगितलं, फळीवर उताणं झोपायचं, बसायचं नाही, उठायचं नाही, पाठ वाकली तर पाय कायमचे जातील. एक पाय तर तेव्हाच बधिर झाला होता. मग आम्ही वरच्या कोठीचं अरुंद दार बिजागऱ्यांवरून काढलं आणि त्याच्या गादीखाली सरकवलं. आमच्या भागात पाठीच्या दुखण्याला हेच करतात.

शहरातून लोक येतात, फाटकापाशी उभे राहून आमच्या घराचे फोटो काढतात. काय देखणं घर, म्हणतात. राहून बघा म्हणावं. माझ्या हाताच्या लांबीइतक्या जाड भिंती, आत-बाहेर दगड आणि मध्ये डबर, म्हणून भर ऑगस्टातही आतल्या दगडावर गाल टेकला तर गार लागतो. खिडक्यांना उभे दगडी दांडे, त्यांच्यामधून मांजर जाईल, माणूस नाही. आणि जिना तर भिंतीबाहेर काढलेल्या गोल बुरुजात पिळून बसवलेला. त्यातून कपाट वर जात नाही, ते खिळे काढून सुटं करून न्यावं लागतं. आणि मेलेला माणूस खाली येत नाही, कारण तो वाकत नाही.

म्हणून वरच्या खोलीच्या एका टोकाला जमिनीत झाकण आहे. लांबी-रुंदी शवपेटीची. त्याच्यावरच्या आढ्याला दोन लोखंडी कड्या. कड्यांतून दोर ओवायचे आणि पेटी सोडायची खाली दुधाच्या खोलीत. सासरे तसेच उतरले. मी खाली कंदील धरून उभी होते, पेटीचा तळ माझ्या डोक्यावर हळूहळू मोठा होत आला तो मला अजून दिसतो. सगळे फॉसेट तसेच उतरलेत. आणि जिवंत माणसानं तिथून उतरायचं नाही. उतरला तर तो पुढची गवतकापणी बघत नाही. सेपचा एक चुलत आजोबा लग्नाच्या दिवशी पैज लावून उतरला होता आणि कापणीआधीच गेला, त्याचं उदाहरण मला लग्नाच्या आठवड्यातच ऐकवलं गेलं.

तर असं सगळं होतं आणि मला वास आला. मी कोणाला सांगणार? घरात तिसरं माणूस म्हणजे माझी नणंद ऑलिव्ह. सेपहून बरीच मोठी, बिनलग्नाची, नाताळाला जेवायला आली ती बर्फामुळे आमच्याकडेच अडकलेली. दिवसभर विणत बसायची आणि माझ्या भाकरीत मीठ कमी आहे म्हणायची. तिला मी काही बोलले नाही. पण त्याच दुपारी बघते तर ऑलिव्ह स्वतः, जी कधी जागची हलत नाही ती, आगटीत लाकडं रचत होती.

"एवढी कशाला गं?" मी विचारलं.

"थंडी आहे."

"थंडी कालही होती."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "तुलाही आलाय ना?" ती हळूच म्हणाली.

"काय?"

"उगाच वेड पांघरू नकोस, हिल्डा. सकाळपासून तोंड उघडं टाकून फिरतेयस. मला आला तो परवा. वाटलं, म्हातारपणी नाक बिघडलं असेल." तिनं आणखी एक ओंडका आत ढकलला. "सेपला कळू द्यायचं नाही. पडलेल्या माणसाला असलं काही कळलं की तो हातपाय गाळतो."

"कोणासाठी आला असेल?" मी विचारलं.

"अंथरुणाला कोण आहे?" ऑलिव्ह म्हणाली. मग बहुधा माझं तोंड बघून म्हणाली, "आगटी भरलेली ठेवू. माझी आई म्हणायची, एकदा ऐकलं होतं त्यानं."

त्या दिवसापासून आम्ही दोघींनी आगटीला विसावा म्हणून दिला नाही. एक झोपली की दुसरी जागी. रोजच्या पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, विटा मंद जळतात, त्यांच्यावर भागणार नव्हतं. परड्यात सेपनं चिरून ठेवलेले अ‍ॅशच्या झाडाचे ओंडके होते, ते आम्ही बेफाम जाळले. ज्वाळा वर आगटीच्या तुळईपर्यंत जायच्या. ती तुळई म्हणजे एक अख्खा ओक आहे, आगटीच्या तोंडावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी टाकलेली, काळी कुळकुळीत. तिच्यावरच धुराड्याचा पुढचा भाग उभा आहे आणि वरच्या खोलीची जमीनही टेकलेली आहे. नेमका तिथंच, उबेसाठी, सेपचा पलंग.

आणि वास वाढतच गेला. मी लाकडं वाढवायची, वास वाढायचा. वास वाढला की मी आणखी वाढवायची. म्हातारा काही ऐकायला तयार नव्हता. मी जीव मुठीत धरून त्या घरात वावरत होते. दर थोड्या वेळानं जिना चढून वर जायची, सेपची छाती हलतेय ना बघायची, आणि त्यानं डोळे उघडले की चादर नीट करायला आल्याचं सोंग करायची.

"चादरीला झालंय काय?" तो एकदा म्हणाला. "दिवसभर तिची सेवा चाललीय. माझी कर."

"तुझी सेवा करून करून खोकला लागला मला."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. "अजून जात नाही तो?"

"जाईल. तुला काही हवंय?"

"आगटीत लाकडं आहेत का?"

"भरपूर आहेत."

"आणखी टाक," तो म्हणाला. "थंडी वाजतेय मला."

मी खाली निघाले आणि जिन्यातच बसले. कारण सेपला थंडी वाजत नाही. हा माणूस जानेवारीत शर्टाच्या बाह्या सारून मेंढ्या हाकतो. मी रात्री थंड पाय लावले तरी हूं की चूं करत नाही. त्याला थंडी वाजतेय याचा अर्थ मी तिथं बसून एकच लावला. म्हाताऱ्याचा हात लागलाय त्याला. मी पदर नसलेली बाई, नाहीतर पदरात तोंड घालून रडले असते. उठले आणि लाकडं टाकली. पुढचे दिवस त्याचं हेच चाललं. मटणाचं सूप घेऊन जा, लाकडं टाकलीस का. चहा घेऊन जा, आगटी कशी आहे. त्याचा चेहरा तापल्यासारखा लाल दिसायचा आणि तो थंडी थंडी म्हणायचा. मला त्याच्यावर रागसुद्धा येऊ लागला. भीती फार झाली की माझा राग होतो, तो माझा स्वभावच आहे. असा कसा मरतोस, मी मनात म्हणायची, मला या दगडांत एकटीला टाकून.

त्या दुपारी शेजारच्या मळ्यातला रूबेन आयव्हसन आमच्या मेंढ्यांना गवत घालायला आला होता. तो रोज यायचा, बुजलेल्या वाटेवरून नाही, दगडी कुंपणाच्या माथ्यावरून चालत. तो बाहेर गोठ्यात होता आणि मी सेपला चमच्यानं खीर भरवत होते. आमची मांजर पलंगाच्या उशापाशी, धुराड्याच्या भिंतीला चिकटून जमिनीवर पसरली होती. पोट वर करून, चारी पाय सैल सोडून.

"ही आजकाल इथंच असते," सेप म्हणाला. "खाली आगटी सोडून माझ्यावर जीव जडलाय तिचा."

माझा चमचा पडला. तो उचलायला मी गुडघ्यांवर बसले, एक हात जमिनीवर टेकला, आणि तो तसाच राहिला. जमीन ऊन होती. उबदार नाही म्हणत मी, ऊन, नुकती भाकरी उतरवलेल्या तव्यासारखी. मी हात उचलून भिंतीच्या दगडाला लावला आणि झटक्यानं मागे घेतला. ऑगस्टात गार असणारा दगड. फळ्यांच्या फटीतून एक बारीक, निळसर रेघ वर येत होती. ती माझ्या नाकाशी आली आणि तो गोड, जळकट, म्हाताऱ्याच्या पाइपचा वास माझ्या डोक्यात भरला.

"काय गं?" सेप म्हणाला.

"काही नाही." मी उठले. तशीच जिना उतरले. मोठ्या खोलीत ऑलिव्ह ओंडका उचलून आत टाकायच्या बेतात होती. तिच्या हातातून तो मी हिसकावून घेतला आणि फेकला.

"डोकं फिरलंय का तुझं?"

मी चिमट्यानं पेटती लाकडं पुढे ओढली, बर्फानं ओली झालेली गोणी डोक्यावर घेतली आणि आगटीत शिरून वर बघितलं. तुळईची पुढची बाजू आम्ही रोज बघतो, पुसतो, तिच्यावर पितळी बशा मांडतो. मागची बाजू कोण बघतंय? मागे चुना केव्हाच गळून पडला होता, आणि तिथं, तुळई भिंतीत शिरते तिथून मधोमध, लाकूड लालभडक झालं होतं. ज्वाळा नव्हती. तुळई आतल्या आत, शांतपणे, कोळसा होत चालली होती, आणि मधून गोड धूर सोडत होती. माझ्या डोक्यावर ती, तिच्यावर जमीन, जमिनीवर माझा नवरा.

इतके दिवस मला वाटत होतं की आपण घाबरलोय. ती भीती म्हणजे काहीच नव्हती. आता माझी खरी पाचावर धारण बसली.

"तुळई जळतेय," मी ऑलिव्हला म्हणाले. "आतून. म्हातारा कुठला आलाय, आपणच जाळतोय ती."

मी दार उघडून रूबेनला हाक मारली.

रूबेन तुळईखाली वाकला, एकदाच वर बघितलं आणि बाहेर आला. "किती वेळ टिकेल सांगता येत नाही," तो म्हणाला. "पाणी मारायला पाणी कुठंय, सगळं गोठलंय. बर्फ भरता येईल. पण आधी सेप खाली यायला हवा."

"जिन्यातून?"

"जिन्यातून तो ताठ येत नाही. वाकवला तर गेला. खिडकी तर बघतेच आहेस."

ऑलिव्हची नजर दुधाच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि तिनं ती पटकन वळवली.

"झाकण," मी म्हणाले.

"हिल्डा, जिवंत माणसाला—"

"ऑलिव्ह, तुझ्या बापाला उतरवताना गाठी कोणी मारल्या होत्या?"

"मी," ती म्हणाली. मग दुधाच्या खोलीत गेली आणि खुंटीवरचे दोर घेऊन आली.

वर आम्ही झाकणावर ठेवलेली कपड्यांची ट्रंक सरकवली आणि कडी ओढून ते उघडलं. खालून दुधाच्या खोलीची गार हवा आली. सेपनं मान वळवून ते बघितलं, आणि त्याच्या लाल चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"ते बंद करा," तो म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. तुळई, धूर, जमीन. त्यानं ऐकून घेतलं.

"मला दोन माणसांनी धरा. मी जिन्यानं येतो."

"पांगळा होशील."

"होऊ दे. तिथून नाही. मी अजून मेलो नाहीये, हिल्डे."

"म्हणून तर म्हणतेय. मेल्यावर उतरवण्यात काय मोठेपणा?"

"सेप, बाबा, ऐक," रूबेन म्हणाला. "मी काही इथं दिवसभर उभा राहत नाही. खालून धूर यायला लागलाय."

"तू घरी जा, रूबेन. हा आमच्या घरचा प्रश्न आहे." सेपनं पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. फॉसेट एकदा असे अडले की गाढव परवडलं. "चुलत आजोबा कसा गेला ते आठव. कापणीच्या आधी. तिथून उतरायचं नाही म्हणजे नाही."

तेवढ्यात पलंगाखाली, जमिनीच्या पोटात, कडकन काहीतरी तडकलं. पलंगाचा एक पाय बोटभर खाली गेला. मांजर उडी मारून जिन्यातून पळाली. मला रडू येत होतं, आणि मला त्याचा इतका संताप आला होता की मी त्याला मारलं असतं. समजावत बसायला वेळ नव्हता. मी झाकणापाशी गेले, काठावर बसले आणि पाय आत सोडले.

"हिल्डे, काय करतेस?"

"उतरतेय."

"उठ तिथून. उठ म्हणतो ना."

"तुझा म्हातारा, तुझं झाकण, तुझी गवतकापणी. मी तुला इथं जळू देणार नाही, सेप फॉसेट. माझं तुझ्यावर प्रेम आहे, मूर्खा. जायचंच असेल तर आधी मी जाते, मग तू बघ काय करायचं ते." आणि मी काठ धरून लोंबकळले.

खरं सांगते, हात सुटत नव्हते. डोक्यावर आढ्याच्या कड्या, पायांखाली काळोख, आणि जिथून सगळे मेलेले गेले तिथं मी जिवंत लटकलेली. मला वाटलं, खाली कोणीतरी उभं आहे आणि माझे पाय धरणार आहे. मग पायाला दूध ठेवायची दगडी फळी लागली आणि मी हात सोडले.

वरून सेपचा आवाज आला. तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "सोडा मला. लवकर. रूबेन, सोड मला तिच्याकडे."

मग सगळं भराभर झालं. त्यांनी दार गादीसकट ओढलं, त्याला चादरींनी दाराला बांधलं, ऑलिव्हनं बापाला मारल्या होत्या त्याच गाठी मारल्या. कड्यांतून दोर करकरले. दाराचा तळ माझ्या डोक्यावर हळूहळू मोठा होत आला, सासऱ्यांच्या वेळी आला होता तसाच, पण या वेळी त्यावरून शिव्या ऐकू येत होत्या. सेप फॉसेट आयुष्यात शिकला तेवढ्या सगळ्या शिव्या देत खाली आला. त्याहून गोड काही मी ऐकलेलं नाही. दार माझ्या हातांत टेकलं तशी मी त्याच्या छातीवर डोकं ठेवलं आणि ती हलतेय ना, बघितलं.

आम्ही त्याला अंगणात ओढलं, बर्फावर, घसरगाडीसारखं. रूबेननं आणि मी फावड्यांनी बर्फ आणून आगटीत भरायला घेतला. दुसऱ्यांदा भरून परत बाहेर पडलो आणि मागे प्रचंड आवाज झाला. दारातून राख आणि वाफ बाहेर आली. तुळई मधोमध मोडली होती, वरच्या खोलीची अर्धी जमीन खाली आली होती, आणि सेपचा पलंग आगटीच्या जागी कलंडून जळत होता. भिंती मात्र जशाच्या तशा. त्या दगडांना कशाचंच काही वाटत नाही.

नंतर, बर्फानं सगळं विझवल्यावर, रूबेननं तुळईचा तुकडा उलटून दाखवला. आत जुन्या कोळशाचे थर होते, एकाखाली एक, कधीचे कधीचे. घरात कोणी आजारी पडलं की त्या माणसासाठी आगटी रात्रंदिवस पेटती ठेवायची, तुळई मागून भाजायची, वास यायचा, आणि आजारी माणूस आजारानं जायचा. ऑलिव्हनं तो तुकडा बराच वेळ हातात धरला. "आणि आपण काय केलं," ती म्हणाली, "आणखी लाकडं टाकली."

संध्याकाळी आम्ही रूबेनच्या घरी होतो. त्यानं आपल्या स्वयंपाकघरात, आगटीपुढे, सेपला दारासकट जमिनीवर ठेवलं होतं. ऑलिव्ह खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. माझ्या हातात चहाचा कप होता. सेप छताकडे बघत होता.

"मी तुला सांगायला हवं होतं," मी म्हणाले. "वास मला आधीच आला होता. वाटलं, तू खचशील. तुझ्यासाठी आलाय असं वाटलं."

"वास मलाही आला होता," तो म्हणाला. "तुमच्या आधी. माझ्या उशाखालीच तर होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू खोकत होतीस. दिवसरात्र. मला खालून ऐकू यायचं. वाटलं, तुझ्यासाठी आलाय."

मी कप खाली ठेवला. "आणि थंडी? सारखी लाकडं मागत होतास ती?"

"कसली थंडी. घामानं गादी भिजली होती माझी." त्यानं हात वर केला आणि चाचपडत माझा हात धरला. "मला काही उठता येत नव्हतं, हिल्डे. तुझ्यासाठी तेवढंच करता येत होतं."

मी त्याला खूप बोलले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण बोलता बोलता रडले, आणि रडता रडता त्याच्या दारावर, त्याच्या कुशीत, जेवढी जागा होती तेवढ्यात आडवी झाले. पाठीला धक्का लागला असेल त्याच्या, पण तो काही म्हणाला नाही.

बाहेरून रूबेन हातांवर लाकडं घेऊन आला. आमच्याकडे बघून घुटमळला, मग आगटीपाशी वाकला.

"आणखी एखादं टाकू का?" त्यानं विचारलं.

"नको," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.